सामाईक सातबाऱ्याचे शेजारी

नगरच्या सावेडीत फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाच्या तोंडी हल्ली एक बेत हमखास ऐकू येतो. रिटायर झालो की जेऊरकडे नाहीतर डोंगरगणकडे पाच-दहा गुंठे घ्यायचे, दोन खोल्या बांधायच्या, पुढे ओटा, मागे लिंबाचं झाड, आणि सोसायटीच्या कटकटीतून एकदाचं सुटायचं.

कटकट खरीच असते. वार्षिक सभेत लिफ्टच्या दुरुस्तीवरून दोन तास भांडण चालतं आणि ठराव मात्र झाडांच्या कुंड्यांचा होतो. मेंटेनन्स थकवणारा सभासदच सर्वांत मोठ्या आवाजात हिशेब मागतो. तरीही ज्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा करून दाखवला, तिथल्या माणसाने दहा बिऱ्हाडांचा सहकार जमत नाही म्हणून पळ काढावा, याची मला गंमत वाटते.

पळून तो जातो कुठे, हे पाहण्यासारखं आहे.

गावाकडचा स्वस्त प्लॉट बहुतेक वेळा बिनशेतीचा झालेला नसतो. एखाद्या गटातले एक-दोन एकर कोणीतरी घेतो, चुन्याने फक्की मारतो, मधून वीस फुटांचा रस्ता 'दाखवतो' आणि गुंठ्या-गुंठ्याने विकतो. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे असे तुकडे सरळ विकता येत नाहीत. जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे ही प्रमाणभूत मर्यादा २०२३ मध्ये ठरली, तीही या प्लॉटांपेक्षा मोठीच. शिवाय १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ आहे. त्यानुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. मग वाट काढली जाते. आठ-दहा जण मिळून एकच खरेदीखत करतात आणि सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं एकाखाली एक चढतात, सामाईक क्षेत्र म्हणून.

तो सातबारा एकदा नीट वाचावा. तुमचं नाव आहे, समोर क्षेत्र आहे. पण तुमचा तुकडा पूर्वेचा की पश्चिमेचा, हे त्यावर कुठेच नाही. चुन्याचा रस्ता गट नकाशावर नाही. इतर हक्काच्या रकान्यात एखाद्या सोसायटीचा बोजा सापडतो, पण ती गावातली विविध कार्यकारी सोसायटी असते आणि कर्ज मूळ मालकाने उचललेलं असतं. उद्या वाटप करून घ्यायचं म्हटलं, तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारापुढे सगळ्या सहधारकांची संमती लागते. त्यातला एक पुण्याला असतो, एक वारलेला असतो आणि त्याच्या वारसांची नोंद लागलेली नसते. संमती नाही, तर दिवाणी कोर्ट.

म्हणजे सोसायटी नको म्हणून निघालेला माणूस अनोळखी लोकांबरोबर अशा एका मंडळीत जाऊन बसतो, जिला उपविधी नाहीत, चेअरमन नाही, सभा नाही आणि बहुमताने ठराव करायची सोयही नाही. फ्लॅटच्या सोसायटीत निदान उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. इथे तक्रार कोणाविरुद्ध करणार, चुन्याविरुद्ध?

सावेडीकरांना हे नव्याने सांगायची गरज पडू नये. गुलमोहोर रोड, पाइपलाइन रोडच्या बाजूचे बंगले उभे राहिले तेही शेतीत पाडलेल्या प्लॉटांवरच. घरं आधी आली, गटारी आणि डांबर मागून आलं. पण मागे नगरपालिका होती, २००३ पासून महापालिका आहे. मुळा धरणाचं पाणी विळदमार्गे वसंत टेकडीवर चढतं आणि तिथून नळाला येतं. उशिरा येतं, कमी दाबाने येतं, पण येतं. आलं नाही तर मोर्चा कुठे न्यायचा हे प्रत्येकाला ठाऊक असतं. 'आम्हाला कधी सोसायटी लागली नाही' असं जुने बंगलेवाले ऐटीत सांगतात. त्या ऐटीखाली पालिकेची पाइपलाइन पुरलेली आहे.

गावाकडे ती पाइपलाइन नसते, म्हणून बोअर घेतला जातो. आपल्या जागेत, आपल्या पैशाने, कोणाला न विचारता. मग शेजारी आणखी खोल जातो. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या पुढची विहीर 'खोल विहीर' ठरते. पण नगर तालुक्यात दोनशे फुटांवर बोअरची गाडी थांबवणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. तारेचं कुंपण जमिनीवर असतं. खाली बेसॉल्टच्या भेगांत मुरलेलं पाणी कुणाच्या गुंठ्यात थांबत नाही.

याच तालुक्यात हिवरे बाजार आहे. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतर तिथल्या ग्रामसभेने स्वतःवर घालून घेतलेली बंधनं कुठल्याही गृहनिर्माण संस्थेला जड जातील अशी आहेत. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान, सिंचनासाठी बोअर नाही, उसासारखी पाणी पिणारी पिकं नाहीत. पाऊस किती झाला याचा ताळेबंद मांडून रब्बीत काय पेरायचं ते ठरतं. एक ठराव आपल्या सावेडीच्या मित्राच्या थेट मुळावर येणारा आहे: गावातली जमीन बाहेरच्याला विकायची नाही. बाहेरच्याला दार बंद करणं मला सरसकट पटत नाही. सगळ्या गावांनी तसंच केलं तर शहरात अडकलेल्याने जायचं कुठे? पण त्यामागची भीती समजते. बाहेरचा जमीन घेतो, बोअर पाडतो, कुलूप लावून निघून जातो. ग्रामसभेला येत नाही.

येणार तरी कसा? ग्रामसभेचा सभासद म्हणजे त्या गावच्या मतदार यादीत नाव असलेला माणूस, आणि नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं. आपल्या मित्राचं नाव सावेडीतच असतं, कारण दवाखाना, बँक, मुलं सगळं इथे. गावात तो नमुना आठवर असतो, घरपट्टी भरतो, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मात्र त्याला हात वर करता येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत प्लॉट बघायला जाणाऱ्यांनी बिनशेतीचा आदेश, मंजूर लेआउट, गट नकाशा आणि फेरफार पाहावाच. पण जमलं तर एखाद्या ग्रामसभेत मागे जाऊन बसावं. पाण्याची मोटर कोण चालू करतो, दिव्यांचं बिल कोण भरतं, कोणाचं कोणाशी वाकडं आहे, हे तिथे तासाभरात कळतं. आणि नाव त्या यादीत हलवायची आपली तयारी आहे का, हेही घरी बसून ठरवावं. ती नसेल आणि चार पावसाळ्यांनी 'आमच्या रस्त्यावर मुरूम का पडत नाही' असं विचारायला गेलात, तर सरपंच आधी यादीत तुमचं नाव शोधेल. त्यात त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही.