तेरवीनंतरचं शेत

वाशीम जिल्ह्यात शेतकऱ्याने आत्महत्या केली की तेरवीच्या आतच घरात कागद शिरतात. पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, सातबारा, बँकेची थकबाकी. 2006 च्या शासन निर्णयाने एक लाखाची मदत ठरवली, 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. पण त्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. कृषी केंद्रातली उधारी, भावकीतली उसनवारी मोजली जात नाही. नवरा असा का गेला, हे ज्या बाईला स्वतःलाच उमगलेलं नसतं, तिने ते पात्रता ठरवणाऱ्या समितीला पटवून द्यायचं. या सगळ्यात मला हीच गोष्ट सर्वांत क्रूर वाटते.

शेत तर थांबतच नाही. सोयाबीन वाळून उभं राहिलं की सोंगणी लांबवता येत नाही, शेंगा तडकून दाणे मातीत जातात. म्हणून ती विळा घेऊन बांधावर दिसते आणि गाव म्हणतं, बाई लवकर सावरली. सावरली कुठे? रडायला सवड नाही, एवढंच. पुढे माल बाजार समितीत नेला की ओलावा बारा टक्क्यांच्या वर भरला म्हणून भाव पाडतात. मीटरचा आकडा कसा वाचायचा, अडत्याशी किती ताणायचं, हे ती तिथेच उभ्या उभ्या शिकते. दुःखातून बाहेर येणं म्हणतात ते मला या शिकण्यात दिसतं, सांत्वनाच्या भेटींमध्ये फारसं नाही.

2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेचं कुंकू पुसण्याच्या, बांगड्या फोडण्याच्या प्रथेविरुद्ध ठराव केला. ते मोलाचंच. पण बांगड्या राहिल्या आणि सातबाऱ्यावर नाव आलं नाही, तर तिला पीककर्ज कोण देणार? 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा ही मुलांच्या बरोबरीची वारस आहे. तरी जमीन सासऱ्याच्या नावावर असेल तर तिला वाट पाहावी लागते. नवऱ्याच्या नावावर असली, तरी 'आत्ताच कशाला वाटणीचं काढतेस' हे दिराचं एक वाक्य फेरफार कित्येक वर्षं अडवू शकतं.

2025 मध्ये शेजारच्या बुलढाण्यापासून सुरू झालेली 'जिवंत सातबारा' मोहीम पुढे राज्यभर गेली. मृत खातेदाराच्या जागी वारसांची नावं लावणं हेच तिचं काम. आत्महत्या झालेल्या घरी ही नोंद बाईने अर्ज करण्याची वाट न पाहता, मदतीच्या फाइलीबरोबरच व्हायला हवी. पंचनाम्यासाठी तलाठी त्या घरी जातोच.