कुणाला कळलं नाही, मग चुकलं काय?

गणपतीत मलकापूरला आमच्या बँडचा कार्यक्रम होता. आठवडाभर पुण्यात कोडिंग, शनिवारी गावी. सराव झालाच नव्हता. महिनाभर रिव्ह्यू बघून पाच तारांचा बास घेतला होता, पण आर. डी. बर्मनच्या एका गाण्यातली अवघड चाल मी सरळ गाळली. नुसता मूळ सूर धरून राहिलो. लोक नाचले, मंडळाने ठरलेले पैसे दिले.

तरी मला खटकत राहिलं.

चार तारांच्या बासचा सर्वांत खालचा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा. मोबाईलच्या छोट्या स्पीकरला तो पेलत नाही. ज्यांच्या जिवावर आपण नाचतो, ते असेच हरवतात. आरडींकडे बास वाजवणारे टोनी वाझ किती जणांना माहीत आहेत? अमेरिकेत मोटाउनच्या ढीगभर हिट गाण्यांत जेम्स जेमर्सनचा बास आहे. पण कंपनीने वादकांची नावं अल्बमवर छापली ती थेट १९७१ मध्ये.

ऑफिसात कोडच्या प्रत्येक ओळीपुढे लिहिणाऱ्याचं नाव दिसतं. चूक झाली की मी सापडतो. स्टेजवर मला कुणीच पकडणार नव्हतं. म्हणून ती फसवणूक ठरत नाही का?

श्रोत्यांचं फार नुकसान झालं नसेल. पण दुसऱ्याची गाणी वाजवून मी पैसे घेतो. ज्याचं नाव कुणी घेत नाही, त्याची चाल तरी पूर्ण वाजवणं, एवढं देणं माझ्याकडे लागतं.

आता रोज रात्री तीच चाल बसवतोय. हेडफोन लावून.