कलम 157

लहान देश परकी भांडवलापुढे उभा राहतो, तेव्हा त्याला सगळ्यात जास्त घाई असते ती भरवशाचा दिसण्याची. श्रीलंकेने तर ही घाई राज्यघटनेतच नोंदवून ठेवली. 1977 मध्ये सत्तेवर आलेल्या जयवर्धने यांनी अर्थव्यवस्था खुली केली आणि 1978 च्या घटनेत 157 वं कलम आलं. संसदेने दोन तृतीयांश मतांनी मान्य केलेल्या गुंतवणूक करारांना कायद्याचं बळ मिळेल आणि राष्ट्रीय सुरक्षेचा अपवाद सोडला, तर त्यांच्या विरोधात जाणारा कायदा करता येणार नाही, असं ते कलम सांगतं. समोरच्याने मागायच्या आधीच आपला हात दगडाखाली!

1980 मध्ये ब्रिटनशी करार झाला. गुंतवणुकीला 'पूर्ण संरक्षण आणि सुरक्षा' देण्याची हमी त्यात होती. असल्या शब्दांवर वाटाघाटीत सहसा कुणी अडून बसत नाही. ऐकायला ते निरुपद्रवीच वाटतात. पुढे हा करार हाँगकाँगलाही लागू झाला.

28 जानेवारी 1987. बट्टिकलोआजवळच्या एका कोळंबी प्रकल्पावर सुरक्षा दलाने तमिळ बंडखोरांविरुद्ध कारवाई केली. प्रकल्प उद्ध्वस्त झाला, वीसहून अधिक कामगार मारले गेले. प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीत हाँगकाँगच्या एका कंपनीचे 48 टक्के शेअर होते. जागतिक बँकेच्या वॉशिंग्टनमधल्या लवाद केंद्रात तिने 80 लाख डॉलरहून अधिक भरपाईचा दावा लावला. निव्वळ द्विपक्षीय गुंतवणूक कराराच्या आधारावर तिथे चाललेला हा पहिला खटला.

1990 चा निकाल बारकाईने वाचावा असा आहे. 'पूर्ण संरक्षण' म्हणजे बिनशर्त हमी नव्हे, इथवर लवादाने सरकारचं म्हणणं मानलं. पण संशयित कामगारांना काढून टाकायची तयारी व्यवस्थापनाने दाखवली होती. तो मार्ग आधी का वापरला नाही, या प्रश्नावर सरकार अडकलं. भरपाई ठरली 4 लाख 60 हजार डॉलर आणि व्याज. मेलेल्या कामगारांना या हिशेबात जागाच नव्हती. करार गुंतवणुकीचा होता.

पुढे जर्मनीशी झालेल्या कराराने आणखी मोठा दणका दिला. 2008 मध्ये सरकारी पेट्रोलियम महामंडळाने डॉइश बँकेशी तेलाच्या भावाचा सौदा केला. भाव चढला तर बँक पैसे देणार, उतरला तर महामंडळ. भाव कोसळले. सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर मध्यवर्ती बँकेने पैसे देणं थांबवलं. जर्मनीच्या करारावर बोट ठेवून बँक लवादात गेली आणि 2012 मध्ये लवादाने श्रीलंकेला सुमारे 6 कोटी डॉलर भरायला लावले. दोन्ही खटल्यांत लवादाच्या तीन सदस्यांपैकी एकाचं मत बहुमताच्या निकालाविरोधात होतं. त्याचा श्रीलंकेला उपयोग झाला नाही.

वाटाघाटीच्या टेबलावर बसतात परराष्ट्र आणि व्यापार खात्यांची माणसं. करार मोडतात ते सुरक्षा दल, मध्यवर्ती बँक आणि न्यायालय. मसुदा आधी या मंडळींना वाचायला न देता सही करणारा देश वाटाघाटी करतच नसतो, असं माझं मत आहे. 157 वं कलम श्रीलंकेच्या घटनेत आजही आहे.