दमण्याआधी विश्रांती

मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की दुपारी नागपूरचे रस्ते ओस पडतात. बाजारहाट सकाळीच उरकतो, उरलेली कामे उन्हे कलल्यावर होतात. याला कुणी आळस म्हणत नाही. सिकलसेलच्या रुग्णाला मात्र हे शहाणपण बाराही महिने पाळावे लागते, आणि त्याला आपण ‘सारखा पडून असतो’ म्हणून मोकळे होतो.

विदर्भातल्या कितीतरी घरांत हा आजार पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. आई आणि वडील या दोघांकडूनही दोष आला, की मुलाच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकारात वाकतात. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते. ही वाकलेली जेमतेम 10 ते 20 दिवस. म्हणून अंगात रक्त कायम कमी. त्यात पाणी कमी पडले, गारठा लागला, ताप आला किंवा अतिश्रम झाले, तर या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे ठणकू लागतात. दमल्यावर घेतलेली विश्रांती इथे उशिराची ठरते.

त्यामुळे दिवसच वेगळा लावावा लागतो. तहानेची वाट न पाहता पाणी प्यायचे. धुणे आणि बाजार एकाच दिवशी काढायचे नाही. डिसेंबरात अंघोळीला कोमट पाणी घ्यायचे, उन्हाळ्यात कूलरच्या थेट झोतात निजायचे नाही. बरे वाटते म्हणून गोळी चुकवायची नाही. खरी कसोटी लागते ती बऱ्या दिवशी. साचलेली सगळी कामे त्याच दिवशी उपसायचा मोह होतो, आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात.

नागपुरात सिकलसेल सोसायटी उभारून रुग्णांच्या हक्कांसाठी झटलेल्या संपत रामटेके यांना 2018 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने या आजाराला दिव्यांगत्वात गणले आहे. त्यामुळे शाळेत पाण्याची बाटली जवळ ठेवू देणे, कामावर मध्ये टेकू देणे, हे उपकार नव्हेत.

पण कायदा घराच्या उंबरठ्याशी थांबतो. आत आपली माणसेच लागतात. तुमच्या घरी सिकलचा रुग्ण असेल, तर त्याला ‘जरा हिंमत धर’ असे सांगू नका. हिंमत त्याच्याकडे भरपूर आहे. त्याचे आजचे एक काम तेवढे तुमच्याकडे घ्या.