बंद शाळेची साक्ष



धर्मभगिनींची एखादी शाळा बंद झाली की आपण हळहळतो. "सगळे कष्ट वाया गेले," असे सहज बोलून जातो. ३ मार्च रोजी ज्यांचा सण येतो, त्या संत कॅथरिन ड्रेक्सेल यांच्या अशाच एका बंद शाळेकडे आज पाहू या.

कॅथरिन या अमेरिकेतील एका धनाढ्य बँकमालकाच्या कन्या. १८८७ साली त्यांनी पोप तेरावे लिओ यांच्याकडे मिशनरी मागितले. तूच मिशनरी का होत नाहीस, असे पोपनी त्यांना विचारले. कॅथरिन यांनी वारशाने आलेला पैसा दिला आणि स्वतःचे आयुष्यही दिले. १८९१ साली त्यांनी धर्मभगिनींचा संघ स्थापन केला.

१८९९ साली व्हर्जिनिया राज्यात जेम्स नदीकाठी या भगिनींनी कृष्णवर्णीय मुलींसाठी संत फ्रान्सिस डी सेल्स शाळा उघडली. शेजारच्याच मळ्यावर काही दशकांपूर्वी गुलाम राबत होते. गोऱ्यांच्या शाळेत या मुलींना पाय ठेवता येत नसे. येथे त्या शिकल्या; काही जणी पुढे शिक्षिका झाल्या. १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवला. हळूहळू इतर शाळांची दारे उघडू लागली. १९७० साली ही शाळा बंद झाली.

मग कष्ट वाया गेले का? प्रभू येशू गव्हाच्या दाण्याविषयी काय सांगतो ते आठवा. दाणा मातीत गेला, पण पीक उभे राहिले. २००० साली कॅथरिन यांना संतपद मिळाले.

आता आपल्याकडे पाहू. निघोजे-चाकण परिसरात कामासाठी कुटुंबे येतात, काम संपले की खोली सोडतात. भांडीकुंडी आठवणीने टेम्पोत चढतात. मुलीची शाळा मात्र मागे राहते. आईबाबा दोघेही पाळीला गेले की धाकट्यांना सांभाळायला तीच घरी थांबते. शाळा उघडी असूनही तिच्यासाठी दार बंदच! शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून आठवीपर्यंत सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. हे शेजाऱ्यांना सांगा. तिच्याबरोबर शाळेपर्यंत चालत जा.

हे प्रभो, आमच्या शेजारची एकही मुलगी दाराबाहेर राहू नये, म्हणून आम्हांला जागे कर. आमेन.