घरट्यातील पक्षीण



अनुवादाच्या पुस्तकात (२२:६-७) एक लहानशी आज्ञा आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले आणि पक्षीण पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर पिलांबरोबर तिलाही धरू नये, तिला जाऊ द्यावे. भुकेल्या वाटसरूला देव खायला मना करीत नाही. मात्र जिथून जीवन पुढे चालते ते मूळ तोडू नका, असे तो सांगतो. आईवडिलांचा मान राखणाऱ्याला दीर्घायुष्याचे जे वचन आहे, तेच ही आज्ञा पाळणाऱ्यालाही आहे.

अमेरिकेतील अलास्का राज्याविषयी वाचताना ही आज्ञा आम्हांला आठवली. तेथे उत्तर टोकाला सुमारे १ कोटी ९० लाख एकरांचे अभयारण्य आहे. १९६० साली ते राखून ठेवण्यात आले आणि १९८० साली त्याचा विस्तार झाला. पण समुद्रकाठच्या सुमारे १५ लाख एकर पट्ट्याचा निर्णय तेव्हा लांबणीवर पडला, कारण त्याखाली खनिज तेल असावे असा अंदाज होता. वाद सुरूच राहिला. २०१७ च्या कायद्याने तेथे तेलासाठी जमीन देण्यास वाट मोकळी झाली. जानेवारी २०२१ च्या लिलावाकडे बड्या तेल कंपन्या फिरकल्या नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये तर एकही बोली आली नाही. तरीही जुलै २०२५ च्या कायद्याने दहा वर्षांत किमान चार लिलाव घेण्याचे बंधन घातले.

याच पट्ट्यात कॅरिबू जातीची हरणे शेकडो मैल चालून येतात आणि जूनच्या आरंभी पाडसांना जन्म देतात. दक्षिणेकडील ग्विचिन आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या या हरणांवर जगत आले आहेत. त्यांतील पुष्कळ जण आपल्यासारखेच ख्रिस्ती, अँग्लिकन पंथाचे आहेत. जिथे जीवनाचा आरंभ होतो ते पवित्र स्थान, असे ते त्या भूमीला म्हणतात. उपासमारीच्या दिवसांतही आपले पूर्वज तेथे पाऊल टाकीत नसत, असे ते सांगतात. हा नियम त्यांना कोणा मिशनऱ्याने शिकवला नव्हता. संत पौल म्हणतो त्याप्रमाणे तो त्यांच्या अंतःकरणावरच लिहिलेला होता (रोम २:१५).

दुसरी बाजूही ऐकायला हवी. त्याच किनाऱ्यावर काक्टोविक हे इनुपियात लोकांचे गाव आहे. तेथील अनेकांना तेल निघायला हवे आहे. उत्तर अलास्कातील तेलाच्या करातूनच त्या भागातील गावांना शाळा, दवाखाने आणि नळाचे पाणी मिळाले. त्यांना लोभी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपला देशही ८० टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो आणि आपल्या चर्चच्या आवारात दर रविवारी उभ्या असलेल्या मोटारसायकली त्यावरच चालतात. मग पहिला दगड कोणी उचलावा?

संत थॉमस अक्वायनस म्हणतात की, जिवावर बेतलेल्या माणसाने दुसऱ्याचे अन्न घेतले तर ती चोरी नव्हे. गरजेचा हक्क एवढा मोठा आहे. म्हणूनच 'गरज' हा शब्द जपून वापरावा. गावाला पाणी हवे, ही गरज आहे. जमिनीखाली एक थेंबही शिल्लक राहू नये, ही हाव आहे. गरज भागली की थांबते, हावेला थांबणे ठाऊक नसते. २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी पक्षिणीच्या याच आज्ञेचे स्मरण करून दिले होते.

अलास्कातील निर्णय आपल्या हाती नाही, आपल्या घरातील निर्णय आहे. या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने रोझरीनंतर पाच मिनिटे बसून एक गोष्ट ठरवावी: परवडते, हाताशी आहे, तरीही आम्ही ती घेणार नाही. आणि पुढल्या रविवारी ज्यांना शक्य आहे त्यांनी मिस्साला चालत यावे. गाडी काढावीच लागली, तर शेजारच्या आजीआजोबांना सोबत आणावे.

हे प्रभो, घेण्याचे सामर्थ्य तू आम्हांला दिले आहेस. हात आवरण्याचे बळही दे. आमेन.

आपले प्रमुख धर्मगुरू