कोरडी वर्षं

आतली श्रद्धा आटली की माणूस ढोंगी ठरतो का? पंडिता रमाबाईंचं बघा. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा. आठेक वर्षं उलटल्यावर उमगलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त नाही! स्वकीयांच्या शिव्या खाऊन धर्म बदलला, तरी आत कोरडंच. अन् हे बाईंनी १९०७ साली स्वतःच छापून सांगितलं. त्याला छाती लागते. त्यांनी भक्तीचं सोंग आणलं नाही, धर्मही टाकला नाही. बायबल धुंडाळत राहिल्या. लायकी कमवावी लागत नाही, आहोत तसंच येशूकडे जायचं, हे पटलं तेव्हा पाझर फुटला. मग १८९६-९७चा दुष्काळ. ही बाई मध्य प्रांतात गेली, उपाशी पोरी घेऊन आली. केडगावचं मुक्ती सदन त्या पोरींनीच भरलं.